अपडेटनंतर बाबांचं घड्याळ मंदावलंय, रीसेट न करता काही करता येईल का?

पाऊलखूण | सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. विषय घड्याळाचा असला तरी काळजी बाबांची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबा ७४ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी चक्कर येऊन पडले, तेव्हापासून त्यांच्या मनगटावर स्मार्टवॉच आहे. माणूस पडला तर ते ओळखतं, नाडी मोजतं आणि औषधांच्या वेळा मनगटावर थरथरून सांगतं. बाबांना ऐकू कमी येतं, त्यामुळे फोनच्या रिंगपेक्षा त्यांना या थरथरीचाच भरवसा. अकरा दिवसांपूर्वी घड्याळाला मोठं अपडेट आलं. मीच समोर बसून करून दिलं. तेव्हापासून घड्याळाचा जीवच गेल्यासारखा झालाय.

नेमकं काय होतं ते सांगते. स्क्रीनवर बोट लावलं की काहीच हलत नाही. बाबा पुन्हा दाबतात, मग अंगठ्याने जोरात दाबतात. दोन-तीन सेकंदांनी ते सगळे दाब एकामागोमाग लागू होतात. पहिल्याने औषधांची यादी उघडते, दुसऱ्याने बोटाखाली येईल ती ओळ निवडली जाते, तिसऱ्याने तिच्यावर 'घेतलं' अशी खूण होते. परवा दुपारची रक्तदाबाची गोळी न घेताच घेतल्याची नोंद झाली. संध्याकाळी डबीत गोळी दिसली म्हणून कळलं.

गेल्या बुधवारी खुर्चीतून उठताना त्यांचा हात टेबलाच्या कडेवर आपटला. घड्याळाला वाटलं ते पडले. उलटी मोजणी सुरू झाली. बाबा 'मी ठीक आहे' दाबत राहिले, पण बटण काही दाद देईना, आणि मोजणी संपून मला संदेश आला. मी मीटिंगमधून उठून फोन केला, ते बरे होते. पण फोन उचलेपर्यंत माझी काय अवस्था झाली ते इथे लिहिता येत नाही.

कंपनीच्या मदत केंद्राला विचारलं, तर दोन वाक्यांत 'फॅक्टरी रीसेट करा' असं उत्तर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला भांडण नकोय, उपाय हवाय. रीसेट करायची भीती अशी की औषधांच्या वेळा, आपत्कालीन संपर्क, दोन वर्षांच्या नाडीच्या नोंदी, सगळं पुन्हा मांडावं लागेल. घड्याळ अँड्रॉइडवर बेतलेलं आहे, फोनही अँड्रॉइड. तेच मॉडेल माझ्याही हातात आहे, त्याला अपडेट अजून दिलेलं नाही आणि ते व्यवस्थित चालतंय.

चौथा मजला | सोमवार, रात्री १०.३१

रिस्टार्ट केलंत का? स्क्रीन बंद करून चालू करणं वेगळं. बटण दाबून धरलं की मेनू येतो, त्यातून रिस्टार्ट करायचं. बरेच जण ही पायरी केली असं समजून पुढे जातात.

पाऊलखूण | सोमवार, रात्री १०.३५

केलंय, तीनदा. चालू झाल्यावर पहिली दहा मिनिटं तर आणखीच मंद असतं.

धावता धोटा | सोमवार, रात्री १०.५८

सरळ रीसेट करा ताई. माझ्या घड्याळाचं मागच्या वर्षी अगदी असंच झालं होतं. दोन आठवडे सगळे किरकोळ उपाय करून पाहिले, शेवटी रीसेट केलं आणि तासाभरात घड्याळ नव्यासारखं पळायला लागलं. ते दोन आठवडे फुकट गेले याचंच वाईट वाटतं.

एक मात्र लक्षात ठेवा. रीसेटनंतर पहिल्यांदा बाहेर फिरायला जाल तेव्हा जीपीएस पकडायला वेळ लागेल. उपग्रह कुठे आहेत याची साठवलेली माहितीही पुसली गेलेली असते. जीपीएसचा पूर्ण संदेश उपग्रहाकडून उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. फोन जवळ असेल तर घड्याळ ती माहिती इंटरनेटवरून झटकन घेतं, पण माझ्यासारखे फोन घरी ठेवून पळणारे असतील तर त्यांनी आधी मोकळ्यावर थोडा वेळ उभं राहावं. मी पहिल्या दिवशी तसाच पळत सुटलो आणि पहिला दीड किलोमीटर नकाशावर आलाच नाही.

सांजवेळ | सोमवार, रात्री ११.२०

धोटा, तुमचं काम झालं हे चांगलंच, पण रीसेट हा पहिला उपाय नको. मी घाईने केलं होतं आणि पाच आठवड्यांच्या झोपेच्या नोंदी गेल्या. फोनच्या अ‍ॅपमध्ये सगळं सिंक झालंय असं मी गृहीत धरलं. प्रत्यक्षात अपडेटनंतर सिंक अडकलं होतं आणि त्या नोंदी फक्त घड्याळातच होत्या. डॉक्टरांनी त्याच नोंदी मागितल्या होत्या.

पाऊलखूण, काहीही करण्याआधी फोनच्या अ‍ॅपमध्ये कालची आणि आजची नाडी दिसते का ते डोळ्यांनी बघा. 'सिंक पूर्ण' या शब्दांवर विसंबू नका, आलेख उघडून बघा.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे १.४५

कामावरून आत्ता आलो. उपकरणांचं सॉफ्टवेअर हाच माझा व्यवसाय आहे. ताईंचं वर्णन वाचून राहवलं नाही, म्हणून झोपायच्या आधी लिहितोय. थोडं लांबेल.

अँड्रॉइडवरच्या अ‍ॅपचा कोड प्रोसेसरच्या भाषेत थेट लिहिलेला नसतो, मधल्या एका भाषेत असतो. तो प्रोसेसरच्या भाषेत कधी उतरवायचा, हा प्रश्न अँड्रॉइडने वेळोवेळी वेगळ्या रीतीने सोडवला. २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये अ‍ॅप बसवतानाच सगळं भाषांतर व्हायचं. त्या काळात फोन अपडेट केला की पडद्यावर 'इतक्यापैकी इतकी अ‍ॅप्स तयार होत आहेत' असा आकडा पुढे सरकत राहायचा, आठवत असेल. लोक कंटाळायचे. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून पद्धत बदलली. आता अ‍ॅप लगेच उघडतं, सुरुवातीला कोडचं भाषांतर वापरता वापरता होतं, कुठला भाग वारंवार लागतो याची नोंद ठेवली जाते आणि पुढे निवांत वेळी तेवढ्या भागाचं पक्कं भाषांतर करून साठवलं जातं.

आता अपडेटचं बघा. सिस्टिम बदलली की साठवलेली बरीचशी भाषांतरं निरुपयोगी होतात, कारण ती जुन्या सिस्टिमवर बेतलेली असतात. मग प्रत्येक अ‍ॅप पुन्हा वापरता वापरता भाषांतर करू लागतं. फोनच्या दणकट प्रोसेसरला ते जाणवत नाही. घड्याळाचा प्रोसेसर मुद्दाम अशक्त ठेवलेला असतो, नाहीतर तेवढ्याशा बॅटरीवर दिवस निघणार नाही. त्याची दमछाक होते. बोट लावल्यावर जो वेळ जातोय तो बऱ्याच अंशी यात जातोय.

म्हणजे दोन दिवसांत आपोआप सुटायला हवं. मग अकरा दिवस होऊनही का सुटलं नाही? इथेच मला शंका आहे. 'निवांत वेळ' याचा सिस्टिमच्या लेखी अर्थ ठरलेला आहे. उपकरण चार्जरवर असलं पाहिजे आणि त्याला बराच वेळ कुणी हात लावलेला नसला पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी.

ताई, बाबा घड्याळ चार्जिंगला कधी लावतात आणि किती वेळ?

पाऊलखूण | मंगळवार, सकाळी ७.०५

सकाळी अंघोळीला जाताना. अंघोळ आणि नाश्ता मिळून फार तर ४० मिनिटं. रात्री घालूनच झोपतात, कारण मध्यरात्री उठताना तोल जाण्याची भीती असते आणि झोपेतली नाडीही हवी असते. चाळीस मिनिटांत दिवसभराची सोय होते, म्हणून कधी वेगळा विचारच केला नाही.

आणि हो, मी माझं घड्याळ रात्री काढून ठेवते, उशाशी चार्जरवर.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ७.३०

म्हणजे अकरा दिवसांत त्या घड्याळाला निवांत चार्जर जवळजवळ मिळालेलाच नाही. चाळीस मिनिटांतला बराच वेळ ते तापलेल्या बॅटरीत वीज भरण्यात घालवतं, आणि उपकरण स्वस्थ आहे अशी सिस्टिमची खात्री पटते न पटते तोच बाबा ते पुन्हा मनगटावर चढवतात.

झोप मोजणारे सगळेच असे अडकतात. घड्याळाच्या सिस्टिमला वाटतं की मालक रात्री मला काढून ठेवेल, आणि त्याच घड्याळाची जाहिरात सांगते की रात्री घालून झोपा.

आज रात्री बाबांना तुमचं घड्याळ देता येईल का? मॉडेल तेच आहे. त्यांचं घड्याळ संपूर्ण रात्र चार्जरवर राहू दे, वायफाय चालू ठेवून. मध्ये उचलून बघू नका, बघितलंत की स्वस्थपणाची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. लागोपाठ दोन रात्री करा. तोवर दुसरं काहीही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

पाऊलखूण | मंगळवार, सकाळी ७.४१

हे जमेल. माझ्या घड्याळात त्यांचे संपर्क भरून देते. पडल्यावर संदेश जायला त्याला फोन लागतो, तो मी त्यांच्या खोलीत ठेवेन.

आणि फरक मोजूनच सांगेन. 'जरा बरं वाटतंय' असं नको. फोनच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं निघतात, त्यात बोट टेकल्याचं चित्र आणि यादी उघडल्याचं चित्र यांतलं अंतर मोजता येतं. आत्ताच दोन्ही घड्याळं शेजारी ठेवून केलं. औषधांची यादी उघडायला माझ्या घड्याळाला १७० चित्रं लागली, बाबांच्याला ६४०. म्हणजे साधारण ०.७ सेकंद आणि २.७ सेकंद. पाच-पाच वेळा केलं, हे मधले आकडे.

चौथा मजला | मंगळवार, सकाळी ८.१०

ही मोजण्याची रीत फार आवडली. उचलतो.

रेघोट्या | मंगळवार, दुपारी २.१५

मी हौसेने घड्याळांचे डायल बनवते, त्यामुळे एक प्रश्न. बाबांच्या घड्याळावर डायल कुठला आहे? कंपनीने दिलेला, की बाहेरून उतरवलेला?

विचारायचं कारण, लोक मंदपणाचा दोष अ‍ॅपला देतात आणि जो सतत डोळ्यांसमोर चालू असतो त्या डायलकडे कुणी बघत नाही. जुन्या पद्धतीचा डायल म्हणजे स्वतःच एक छोटं अ‍ॅप असतं. त्यात बनवणाऱ्याचा कोड असतो आणि मनगट वळवलं की तो कोड चालतो. सेकंद काटा सरकता ठेवला असेल तर सेकंदाला कित्येकदा सगळं चित्र पुन्हा रंगवलं जातं. त्यात हवामान, पावलं, नाडी, बॅटरी अशा चार खिडक्या असतील तर त्या चार ठिकाणांहून माहिती मागवतात.

२०२३ मध्ये वेअर ओएस ४ (वेअर ओएस म्हणजे घड्याळांसाठीचं अँड्रॉइड) सोबत डायलची नवी पद्धत आली. तिच्यात डायल म्हणजे फक्त वर्णन असतं, काटा कुठे, आकडे किती मोठे, रंग कोणता. चालणारा कोड नसतो, रंगवायचं काम सिस्टिम स्वतः करते. त्यामुळे डायल हलका राहतो आणि बनवणाऱ्याची चूक घड्याळाला भोवत नाही. २०२४ मध्ये वेअर ओएस ५ घेऊनच बाजारात आलेल्या घड्याळांवर तर जुन्या पद्धतीचे डायल बसतच नाहीत. पण आधीपासून घड्याळात असलेला जुना डायल अपडेटनंतरही तसाच राहू शकतो, आणि नव्या सिस्टिमवर तो कसा वागेल हे बनवणाऱ्याने तपासलेलं असेलच असं नाही. मी स्वतः माझे तीन जुने डायल मागे घेतले, कारण ते नव्या सिस्टिमवर अडखळत होते आणि दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने काढणं सोपं होतं.

रात्रपाळी म्हणतात तसं आत्ता बदलू नका. दोन रात्रींनंतर एक दिवस कंपनीचा साधा डायल लावून बघा.

पाऊलखूण | मंगळवार, रात्री ९.५०

बाहेरून उतरवलेला आहे. काळ्यावर मोठे पिवळे आकडे, सेकंद काटा, हवामान, नाडी, पावलं. बाबांना चष्म्याशिवाय वेळ दिसावी म्हणून मीच शोधून दिला होता. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना पांढऱ्यापेक्षा पिवळं स्पष्ट दिसतं म्हणाले होते.

घड्याळ आत्ता चार्जरवर ठेवलंय. माझं त्यांच्या हातात आहे.

जुनं जतन | बुधवार, सकाळी ९.२५

रात्रपाळी आणि रेघोट्या यांचे दोन्ही मुद्दे पटले, पण एक तिसरी शक्यताही बोलून ठेवतो, म्हणजे कुणी जुन्या घड्याळावर महिनाभर हे उपाय करत बसणार नाही.

कधी कधी घड्याळच अपडेटला पुरत नाही. २०१६ ते २०१९ या काळातल्या बऱ्याच घड्याळांत स्नॅपड्रॅगन वेअर २१०० किंवा ३१०० हे प्रोसेसर होते, दोन्ही २८ नॅनोमीटरचे, म्हणजे जुन्या, जास्त वीज खाणाऱ्या धाटणीचे, आणि सोबत रॅम अर्धा-पाऊण जीबी. नवी सिस्टिम, नवा असिस्टंट, नवी टाइल, हे सगळं तेवढ्यात बसवायचं म्हणजे आत-बाहेर करतच दिवस जातो. एक अ‍ॅप उघडलं की दुसरं मेमरीतून बाहेर फेकलं जातं, परत पहिल्याकडे या की ते मुळापासून सुरू. २०२१ मध्ये वेअर ओएस ३ आलं तेव्हा गूगलनेच आधी सांगितलं होतं की जुन्या पात्र घड्याळांना अपडेट घ्यायचं तर पूर्ण रीसेट लागेल आणि काही ठिकाणी वापराच्या अनुभवावर परिणाम होऊ शकतो. इतकं स्पष्ट आधी सांगितलं ते मला योग्य वाटलं.

अ‍ॅपलकडेही जागेची अडचण होऊन गेली. अ‍ॅपल वॉच सिरीज ३ च्या सेल्युलर नसलेल्या (स्वतःचं मोबाइल नेटवर्क नसलेल्या) मॉडेलमध्ये साठवण फक्त ८ जीबी. शेवटच्या काळात अपडेट उतरवायलाच जागा उरेना, म्हणून लोकांना घड्याळ फोनपासून सोडवून, पुसून, मग अपडेट करावं लागे. २०२२ च्या वॉचओएस ९ मध्ये, म्हणजे अ‍ॅपलच्या घड्याळाच्या सिस्टिममध्ये, ते मॉडेल वगळलं गेलं.

म्हणून घड्याळ किती जुनं आणि आत मोकळी जागा किती, हे आधी बघा. साठवण काठोकाठ भरली असेल तर काहीही लिहायला वेळ लागतो. घड्याळात उतरवून ठेवलेली गाणी बहुतेक वेळा कुणी ऐकतही नाही, ती काढली तरी श्वास मिळतो.

धावता धोटा | बुधवार, सकाळी १०.०२

गाण्यांचा मुद्दा बरोबर. माझ्या घड्याळात दोन जीबी गाणी होती आणि रीसेटमध्ये ती गेली. आता विचार येतोय की मला गुण आला तो रीसेटचा होता की गाणी गेल्याचा. शिवाय रीसेटनंतर सगळं पुन्हा उतरवायला घड्याळ रात्रभर चार्जरवर ठेवलं होतं, हेही आत्ता रात्रपाळींचं वाचून आठवलं. तेव्हा मी एकही आकडा मोजला नव्हता.

निळी शाई | बुधवार, दुपारी ४.३०

अ‍ॅपलवाल्यांसाठी भर घालते, कारण धागा शोधून येणाऱ्यांत तेही असतील.

रीसेटची वेळ आलीच तर घड्याळावरून पुसू नका, फोनच्या वॉच अ‍ॅपमधून अनपेअर करा, म्हणजे घड्याळ फोनपासून सोडवा. अनपेअर करताना फोन आपणहून घड्याळाचा ताजा बॅकअप घेतो आणि सक्रियता कुलूपही (घड्याळ तुमच्या अ‍ॅपल खात्याला बांधून ठेवणारं अ‍ॅक्टिव्हेशन लॉक) काढतो. घड्याळाच्या सेटिंगमधून थेट पुसलं तर ताजा बॅकअप होत नाही आणि कुलूप तसंच राहतं. सेल्युलर घड्याळ असेल तर मध्येच विचारतात, सेवेचा प्लॅन ठेवायचा की काढायचा. त्याच फोनशी पुन्हा जोडायचं असेल तर 'ठेवा'. पैसे भरायला घड्याळात घातलेली कार्डं मात्र पुन्हा घालावी लागतात.

मागच्या आवृत्तीवर परत जाता येत नाही, तेव्हा त्यासाठी वेळ घालवू नका. घड्याळ पूर्णच गोठलं तर बाजूचं बटण आणि डिजिटल क्राउन (फिरणारी चावी) दोन्ही एकत्र निदान दहा सेकंद, लोगो दिसेपर्यंत धरा. पण अपडेट चालू असताना हे कधीही करू नका.

पार्श्वभूमीवर चालणारी अ‍ॅप्स वॉच अ‍ॅपमधून बंद करता येतात. फक्त ज्या अ‍ॅपची छोटी खिडकी चालू डायलवर असेल ते बंद केलं तरी ताजं होत राहतं. म्हणून यादीतली दहा अ‍ॅप्स बंद करण्याआधी डायलवरच्या दोन खिडक्या काढून बघा.

सांजवेळ | बुधवार, दुपारी ४.५२

निळी शाई, ते 'घड्याळावरून पुसू नका' मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

अर्धविराम | बुधवार, संध्याकाळी ६.१८

माझं घड्याळ वेअर ओएस नाही, अ‍ॅपलही नाही, दोन आठवडे बॅटरी चालते तसलं आहे. तेही अपडेटनंतर अडखळतं. हे चार्जरचं तंत्र मला लागू पडेल का?

रात्रपाळी | गुरुवार, पहाटे २.१०

अर्धविराम, नाही. तुमच्या घड्याळात बहुधा लहानशी रिअल-टाइम सिस्टिम आहे, मोजकीच कामं करणारी, अँड्रॉइडपेक्षा खूप हलकी. तिच्यात मी सांगितलेली भाषांतराची भानगड नसते, म्हणूनच बॅटरी इतकी टिकते. तिथे अपडेटनंतरचा अडखळा बहुतेक दोन गोष्टींचा असतो. एक म्हणजे उतरवलेला डायल, त्याबद्दल रेघोट्यांनी लिहिलंय. दुसरं सिंक. अपडेटनंतर घड्याळ आणि फोन एकमेकांची माहिती पडताळतात, आणि ती बारीकशा ब्लूटूथमधून जाते. फोनच्या बॅटरी बचतीने घड्याळाचं अ‍ॅप मध्येच मारलं की पडताळणी अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, पुन्हा अर्धवट. घड्याळाचं अ‍ॅप फोनच्या बॅटरी बचतीतून वगळा आणि एकदा उघडं ठेवून सिंक शेवटपर्यंत होऊ द्या.

हे शेवटचं पाऊलखूण ताईंनाही लागू आहे, पण आज नको. एका वेळी एकच.

पाऊलखूण | गुरुवार, सकाळी ८.४०

दोन रात्री झाल्या. आकडे देते.

पहिल्या रात्रीनंतर यादी उघडायला ३१० चित्रं. दुसऱ्या रात्रीनंतर २९५. म्हणजे २.७ सेकंदांवरून १.२ सेकंदांवर आलं, आणि यात मी बोटही लावलेलं नाही, फक्त चार्जर. साठवण तपासली, अर्ध्याहून जास्त रिकामी आहे.

पण अजून माझ्या घड्याळाइतकं नाही. आज सकाळी कंपनीचा साधा डायल लावला. रात्री मोजते.

पाऊलखूण | गुरुवार, रात्री ९.१५

१९०. पाच वेळांत सर्वांत जास्त २०५.

रेघोट्या, तुमचे फार फार आभार. डायल बदलल्याबरोबर मनगट वळवल्यावरचा काळोखा क्षणही गेला. आधी बाबा मनगट वळवून थांबायचे, स्क्रीन आली की नाही हे बघत. आज जेवताना त्यांनी सहज हात वळवून वेळ बघितली आणि बोलणं चालू ठेवलं. दोन आठवड्यांनी दिसलं हे.

पण साधा डायल त्यांना दिसत नाही. काटे बारीक आहेत, म्हणतात मला माझे पिवळे आकडे परत दे. नव्या पद्धतीत मोठ्या आकड्यांचं काही आहे का?

रेघोट्या | गुरुवार, रात्री ९.४८

कंपनीच्याच डायलमध्ये आकड्यांचा एखादा असतोच. तो निवडून, दाबून धरून बदलायच्या पडद्यावर जा, तिथे रंग निवडता येतो. पिवळा घ्या. खिडक्या जिथे आहेत तिथे 'रिकामी' निवडा, म्हणजे आकड्यांना मोकळी जागा दिसेल. सेकंद बंद करा, बाबांना सेकंद लागत नसतील तर.

नाडीची खिडकी काढली तरी नाडी मोजणं थांबत नाही, तेवढी काळजी करू नका. ती मोजली जातेच, फक्त डायलवर दिसत नाही.

पाऊलखूण | गुरुवार, रात्री १०.०५

मिळाला! आकडे आधीच्यापेक्षाही मोठे आहेत. मोजलं, १९५. बाबा झोपायला गेलेत, सकाळी दाखवते.

चौथा मजला | शुक्रवार, सकाळी ७.५५

त्या औषधांच्या चुकीच्या खुणेचं काय? वेग वाढला तरी घाईने दोनदा दाबलं तर पुन्हा होऊ शकतं. ती चूक मला मंदपणापेक्षा गंभीर वाटते.

पाऊलखूण | शुक्रवार, सकाळी ८.३०

तुमचं म्हणणं रास्त आहे, मीही त्यावर रात्रभर विचार केला. औषधांच्या अ‍ॅपमध्ये खूण करण्याआधी 'नक्की?' असं विचारणारी सोय होती, ती सुरू केली. त्यामुळे एक दाब वाढला, पण बाबांना चालेल. शिवाय आठवड्याच्या खणांची डबी आता समोरच ठेवलीय. घड्याळ आठवण करून देईल, पण गोळी घेतली का हे डबीकडे बघून ठरेल.

पडण्याची चाचणीही केली. खरं पडायचं नव्हतंच, आपत्कालीन बटण दाबून मोजणी सुरू केली आणि बाबांनाच थांबवायला सांगितलं. पहिल्या दाबाला थांबली. तीनदा केलं, तिन्ही वेळा पहिल्या दाबाला.

जुनं जतन | शुक्रवार, सकाळी ९.१०

वा. आता प्रश्न पुढच्या अपडेटचा. आपोआप अपडेट बंद करून ठेवणार का?

पाऊलखूण | शुक्रवार, सकाळी ९.३५

बंद ठेवणार नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्यातूनच येतात, आणि पडणं ओळखण्यात काही सुधारणा आली तर ती बाबांना मिळायला हवी. पण ते आपोआप होऊ देण्याऐवजी वार मी ठरवणार. शुक्रवारी संध्याकाळी करायचं, म्हणजे शनिवार-रविवारच्या दोन्ही रात्री घड्याळ चार्जरवर राहील आणि बाबांच्या हातात माझं असेल.

आज शुक्रवारच आहे. माझ्या घड्याळाला तेच अपडेट आज संध्याकाळी देतेय. आधीचे १७० लिहून ठेवलेत. रात्री चार्जरवर टाकते, उद्या उठल्यावर हात लावते.

रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ९.५०

अपडेट झाल्या झाल्या, चार्जरवर ठेवण्याआधी, एकदा मोजा. तो आकडा मला हवाय.

पाऊलखूण | शनिवार, सकाळी ८.२०

काल अपडेट होताच मोजलं, ५९०. आज सकाळी, एका रात्रीनंतर, १८५. माझ्यावर पहिल्यापासून कंपनीचाच डायल आहे.

बाबांनी सकाळी स्वतःहून घड्याळ मागून घेतलं. पिवळे आकडे बघून म्हणाले, हे आधीपेक्षा जवळ आल्यासारखे दिसतात.